द्राक्षमळ्यातला अर्धा दगड

१८४९ साली रोम शहराबाहेर, आप्पियन रस्त्याच्या कडेच्या एका द्राक्षमळ्यात संगमरवराचा एक फुटका तुकडा पडला होता. त्यावर लॅटिन अक्षरं कोरलेली : 'नेलियुस मार्टिर'. मार्टिर म्हणजे हुतात्मा. डावीकडचा भाग तुटलेला, पुढचंही काही गेलेलं. असे तुकडे त्या भागात पायलीचे पन्नास. पण हा तुकडा ज्याच्या नजरेला पडला तो सत्तावीस वर्षांचा जोव्हान्नी बात्तिस्ता दे रोस्सी होता, आणि जुन्या हस्तलिखितांतल्या याद्या त्याला जवळजवळ पाठ होत्या. 'नेलियुस'च्या आधी 'कॉर' लावलं की कॉर्नेलियुस होतं. हा तिसऱ्या शतकातला रोमचा बिशप, म्हणजेच पोप. इ.स. २५३ मध्ये हद्दपारीत वारला, नंतर त्याचा देह रोमला आणून पुरला. कुठे पुरला तेही जुन्या यात्रेकरूंनी लिहून ठेवलं होतं : कॅलिस्टस या पोपच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती दफनभुयारांजवळ. मग हिशेब सरळ होता. ती भुयारं सगळं रोम जिथे समजत होतं तिथे नव्हती. ती इथे, या वेलींच्या खाली होती.

मी ग्रंथपाल. कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात दाखल नोंदवह्या, कॅटलॉगची कार्डं आणि वाळवी यांच्या संगतीत माझी सगळी नोकरी झाली. घरचे आम्ही प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांतला एक पंथ. पोप, संतांच्या अस्थी, मेणबत्त्यांच्या रांगा यातलं काहीही आजीला चालायचं नाही. तिला कळलं असतं की नात पोपच्या पदरच्या एका माणसावर एवढं लिहीत बसली आहे, तर तिने आधी माझ्यासाठी प्रार्थना केली असती आणि मग चहा दिला असता. पण सध्या आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, संग्रहालयाचा विषय निघाला आहे. चर्चच्या मागच्या जुन्या खोलीत जुन्या वस्तू मांडायच्या ठरल्या आहेत आणि समितीत मलाही घेतलंय. "ताई, तुम्ही लायब्ररीवाल्या, तुम्हाला त्यातलं कळतंय," एवढीच माझी पात्रता. त्या बैठकांतून घरी आले की मी दे रोस्सी वाचते. इंग्रजीतून वाचते, इटालियन मला येत नाही. आणि वाचताना सारखं वाटतं, या माणसाला आमच्या समितीवर घ्यायला हवं होतं.

दे रोस्सीचा जन्म १८२२ सालचा, रोममधलाच. वडील सुखवस्तू. अकराव्या वाढदिवसाला पोराने मागितलं काय, तर अंतोनिओ बोसिओचा ग्रंथ. बोसिओ हा सोळाव्या-सतराव्या शतकातला माणूस. १५७८ मध्ये सालारिया रस्त्यालगत जमीन खचली आणि खाली चित्रं असलेलं एक भुयार उघडं पडलं. त्यानंतर बोसिओने पुढचं सगळं आयुष्य मशाल घेऊन अशा भुयारांत घालवलं. त्याचा जाडजूड ग्रंथ तो वारल्यावर, १६३० च्या दशकात बाहेर आला. अकरा वर्षांच्या मुलाला असलं पुस्तक देणारे वडील पुढे, १८४१ साली, तोच मुलगा प्रत्यक्ष भुयारात उतरायला निघाला तेव्हा मात्र नको म्हणाले. पुस्तक वेगळं आणि खाली काळोखात उतरणं वेगळं. मुलगा गेलाच. त्याला नेणारे होते फादर ज्युसेप्पे मार्की, जेझुइट या कॅथलिक संघाचे धर्मगुरू. पुढे या गुरुशिष्यांची जोडी रोमभर ओळखीची झाली.

शिक्षण मात्र त्याने कायद्याचं घेतलं. पदवी मिळाली आणि १८४४ मध्ये नोकरी लागली ती व्हॅटिकनच्या ग्रंथालयात, लेखनिक म्हणून. काम काय? लॅटिन हस्तलिखितं तपासायची आणि त्यांची सूची करायची. इथे मी वाचता वाचता थांबले. ख्रिस्ती पुरातत्त्वाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात, त्याचं रोजचं काम माझंच होतं की! पुढे खोदकामं झाली, ग्रंथ झाले, युरोपभरचे मानमरातब झाले, तरी त्याने ग्रंथालय सोडलं नाही. माझ्या मते त्याच्या यशाचं निम्मं रहस्य या नोकरीत आहे. बाकीचे लोक कुदळ घेऊन निघाले होते, आणि हा आधी कपाटाकडे गेला.

कपाटात त्याला काय मिळालं, ते सांगायला हवं. सातव्या शतकात रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी वाटाड्या टिपणं लिहिलेली होती. अमुक वेशीतून बाहेर पडा, अमुक रस्ता धरा, उजव्या हाताला अमुक हुतात्म्याची कबर, तिथून पायऱ्या उतरा. मूळ टिपणं गेली, पण त्यांच्या नकला कुठे कुठे उरल्या. एक यादी बाराव्या शतकातल्या एका इंग्रज मठवासी इतिहासकाराने आपल्या बखरीत घालून ठेवली होती. एक नक्कल साल्झबुर्गकडची. या टिपणांकडे लोकांनी भाविकांची बडबड म्हणून पाहिलं होतं. दे रोस्सीने ती नकाशासारखी वाचली. एका टिपणात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे असं आलं, की दोघे कुठून चालत आले असतील ते तो ताडायचा. आणि आठव्या-नवव्या शतकांत, शहराबाहेर लुटालूट वाढली म्हणून, पोपनी हुतात्म्यांच्या अस्थी उचलून शहरातल्या चर्चमध्ये आणल्या. त्यानंतर भुयारांकडे जायचं कारणच उरलं नाही, वाटा बुजल्या, नावं विसरली गेली. म्हणून ही त्याआधीची टिपणं सोन्याच्या मोलाची.

आणि चुकीच्या पाट्या! सेंट सेबॅस्टियनच्या चर्चखाली एक भुयार आहे. तिथे १४०९ साली फ्रान्समधल्या बूर्जच्या आर्चबिशपने एक संगमरवरी पाटी बसवली होती : संत सिसिलियाला इथेच पुरलं होतं. सिसिलियाची कबर कॅलिस्टसच्या भुयारांत, म्हणून लोक चारशे वर्षं सेबॅस्टियनच्या खालच्या भुयारालाच कॅलिस्टसचं समजून गुडघे टेकत होते. पाटी संगमरवराची, वर आर्चबिशपचं नाव, कोण शंका घेणार? दे रोस्सीची टिपणं सांगत होती की ती जागा रोमच्या आणखी जवळ आहे. पण टिपणांवर विश्वास ठेवून कुणी मळा खोदायला देत नाही. त्याला दगड हवा होता. तो त्याला त्या 'नेलियुस'च्या रूपाने मिळाला.

पोप पायस नववे यांच्याकडे जाऊन त्याने मळा विकत घ्यायची गळ घातली. पोप म्हणे आधी हसले होते, पुराणवस्तूवाले स्वप्नाळू असतात म्हणाले होते. पण पैसे दिले. ६ जानेवारी १८५२ ला पोपनी पवित्र पुरातत्त्वाचा आयोग नेमला आणि भुयारांतलं खोदकाम त्याच्या ताब्यात दिलं. त्याच वर्षी खाली, कबरीपाशीच, लेखाचे उरलेले तुकडे मिळाले. 'कॉर' होतं. नावानंतर बिशप या पदाची अक्षरंही होती. जोडून पाहिलं तेव्हा मळ्यातला दगड अचूक बसला.

(जाता जाता : १८५२ मध्येच रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, ज्यांच्यापासून आमच्या इथल्या मंडळ्यांचा इतिहास सुरू होतो. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण तारखांची नोंद ठेवायची सवय लागलेल्या माणसाला अशा गोष्टी सोडवत नाहीत.)

१८५४ मध्ये त्याहून मोठी गोष्ट झाली. कॅलिस्टसच्या भुयारांत एक दालन मातीने ठासून भरलेलं सापडलं. माती काढत गेले तसे तिसऱ्या शतकातल्या पोपांच्या कबरींवरचे लेख निघाले : अँतेरोस, फाबियन, लुकियुस, युतिकियन. नावं ग्रीक लिपीत, साधी, अगदी त्रोटक. कुठे पदाचा उल्लेख, कुठे मागाहून जोडलेलं 'हुतात्मा'. त्या वर्षीच्या मे महिन्यात पोप पायस स्वतः खाली उतरले. असं सांगतात, की त्यांनी विचारलं, हे खरंच माझ्या पूर्वीच्या पोपांचे दगड आहेत का? आणि दे रोस्सीने जुना हिशेब चुकता करत उत्तर दिलं, की छे, महाराज, ही तर स्वप्नं. खरं-खोटं देव जाणे, पण माणूस असं बोलू शकला असेल असं त्याच्या एकंदर वागण्यावरून वाटतं.

मला मात्र या दालनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. चौथ्या शतकात दामासस नावाचा पोप होऊन गेला (इ.स. ३६६ ते ३८४). त्याने भुयारांतल्या कबरी दुरुस्त केल्या, तिथे उजेड आणि वाटा केल्या आणि जागोजाग हुतात्म्यांवर स्वतः पद्यं रचून संगमरवरावर कोरवली. कोरणारा फिलोकालुस. त्याची अक्षरं इतकी देखणी आणि वेगळ्या वळणाची की एक अक्षर सापडलं तरी ओळखू येतं. या दालनातला असाच एक लेख शंभरावर तुकड्यांत फुटलेला मिळाला. दे रोस्सीने तो जोडला. गाळलेल्या जागा भरल्या त्या अंदाजाने नाही. ते पद्य मध्ययुगातल्या एका संग्रहात उतरवून ठेवलेलं होतं आणि ते त्याने वाचलेलं होतं. पुन्हा कपाटच!

त्या पद्याच्या शेवटी दामासस म्हणतो, की मलाही इथेच पुरून घ्यायची इच्छा होती, पण या पवित्र लोकांची राख हलेल याची भीती वाटली. पोप असूनही, सगळी जागा स्वतः दुरुस्त करून घेतली असूनही, तो बाजूला झाला. ही ओळ मी आमच्या बैठकीत वाचून दाखवली. तिचा उपयोग काय झाला ते पुढे येईल.

या दालनाच्या वाटेवर गिलाव्यात टोकदार वस्तूने खरडलेली यात्रेकरूंची नावं आहेत. गडांवर नावं कोरणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या दिल्या आहेत, पण इथे माझी पंचाईत झाली. एका यात्रेकरूने वाटेत ठिकठिकाणी सोफ्रोनिया हे नाव लिहिलं आहे. सुरुवातीला लिहिलंय, सोफ्रोनिया, तू आपल्या माणसांबरोबर जगावंस. पुढे गेल्यावर, प्रभूमध्ये. आणि आत, कबरींजवळ, जगावंस नाही, तर तू देवामध्ये सदैव जगशीलच. बायको असेल, बहीण असेल, काही कळत नाही. लिहिणाऱ्याचं नावही नाही. हे सगळं एकाच हाताचं आहे, हे दे रोस्सीने दाखवलं. दुसऱ्या कुणी ते खरडलेलं पुसून भिंत स्वच्छ केली असती.

ही भुयारं आहेत तरी कशी, असं आमच्या समितीतल्या एका मुलाने विचारलं. मी सांगितलं, आपला जांभा बघ. खाणीत असतो तेव्हा पात्याने कापता येतो, वारं लागलं की टणक. रोमच्या खालचा तुफा हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड, पण खोदणाऱ्याच्या दृष्टीने गुण तोच. म्हणून अरुंद बोळ, दोन्ही भिंतींत फळ्यांसारखे एकावर एक कोनाडे, प्रत्येकात एक देह, तोंडाला विटा किंवा दगडी फरशी आणि चुना. अशा बोळांचे मजल्यावर मजले, मैलोन् मैल. खोदणाऱ्यांचा वेगळा वर्गच होता आणि कबरीची जागा त्यांच्याकडून विकत घेतल्याच्या नोंदीही दगडांवर आहेत. बहुतेक कबरींवर नाव नाही. ज्याला कोरलेली फरशी परवडत नव्हती त्याच्या घरच्यांनी ओल्या चुन्यात एखादं नाणं, शिंपला किंवा काचेच्या पेल्याचा बूड दाबून ठेवला. पुढच्या वेळी आलो की आपला कोनाडा सापडावा म्हणून.

नकाशे काढायचं काम धाकट्या भावाचं. मिकेले स्तेफानो दे रोस्सी हा भूगर्भशास्त्राचा नादी. बोळांची मोजणी आणि रेखाटन एकदमच करणारं एक यंत्र त्याने बनवलं, ते १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलं होतं. कुठला बोळ आधी खणला, कुठला नंतर, कुठे जमीन खोल केली आणि जुने कोनाडे उंचावर राहिले, हे त्याने दगडावरून वाचलं. थोरला भाऊ अक्षरांवरून काळ ठरवायचा, धाकटा दगडावरून, आणि दोघांचं जुळलं तरच पुस्तकात जायचं. या मिकेलेचं नाव भूकंपवाल्यांना वेगळ्याच कारणाने माहीत आहे : रोस्सी-फोरेल मापनश्रेणी, दहा पायऱ्यांची. झोपलेले जागे झाले का, घड्याळं थांबली का, घंटा आपोआप वाजल्या का, यावरून धक्क्याची तीव्रता ठरवायची. १९६७ च्या डिसेंबरातल्या कोयनेच्या भूकंपाबद्दल आमची आजी अगदी अशीच सांगायची : फडताळातली भांडी, भिंतीवरचं घड्याळ, गोठ्यातली म्हैस.

आता संग्रहालय. पोप पायसनी १८५४ मध्येच लॅटरन राजवाड्यात ख्रिस्ती संग्रहालय उघडलं. शिल्पं आणि कोरीव शवपेट्या मार्कींनी मांडल्या, लेखांचं काम दे रोस्सीकडे आलं. पुढे १८७८ पासून व्हॅटिकन ग्रंथालयातल्या, अठराव्या शतकातल्या जुन्या ख्रिस्ती संग्रहालयाचा तो प्रमुख झाला. (लॅटरनमधला संग्रह विसाव्या शतकात व्हॅटिकनला हलवला, आता तिथेच पाहायला मिळतो.)

गंमत अशी, की वस्तू जागेवरून हलवू नयेत हे मार्कींचं ठाम मत आणि शिष्याचंही. आधीच्या अडीचशे वर्षांत भुयारांचं जे झालं होतं ते दोघांना ठाऊक होतं. हुतात्म्यांच्या अस्थी म्हणून निनावी कबरी फोडून हाडं युरोपभर वाटली होती. दगड उचलून चर्चच्या फरशीत बसवले, मठांच्या भिंतीत लावले, सरदारांच्या बागेत ठेवले. कुठला दगड कुठून आला याची नोंद नाही. मार्कींना १८४५ मध्ये हर्मेसच्या भुयारात हायसिंथ या हुतात्म्याची न फोडलेली कबर मिळाली तेव्हा त्यांना एवढा आनंद का झाला, ते यावरून कळतं. दगड, लेख आणि देह तिन्ही जिथल्या तिथे होतं. अशा दोन माणसांना संग्रहालय मांडायला सांगितलं. त्यांनी आधीच उपटलेले, बेवारशी दगड आत आणले. नवीन सापडेल ते शक्यतो खालीच ठेवायचं.

या बेवारशी दगडांची दे रोस्सीने केलेली मांडणी मला ग्रंथपाल म्हणून फार आवडते. आधी दामाससच्या पद्यांसारखे सार्वजनिक लेख. मग ज्यांवर कौन्सलांची, म्हणजे रोमच्या दरवर्षी बदलणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांची, नावं आहेत ते, म्हणजे ज्यांचं वर्ष नक्की सांगता येतं ते, वर्षांच्या क्रमाने. तो क्रम डोळ्यांपुढे आला की अक्षरांची वळणं, शब्दांच्या लकबी कशा बदलत गेल्या ते दिसतं, आणि मग तारीख नसलेला दगडही बोलतो. पुढे श्रद्धेविषयीचे लेख, मग बिशप, मंडळीचे वडील (प्रेस्बिटर), त्यांच्या हाताखालचे डीकन, मग अंमलदार, सैनिक, कारागीर, मग नवरा-बायको, आईबाप, मुलं, मग जहाजाचा नांगर, मासा, कबुतर अशी चिन्हं असलेले. आणि शेवटी, ज्या मोजक्या दगडांचं मूळ ठिकाण माहीत आहे ते भुयारांप्रमाणे. म्हणजे पोपच्या राजवाड्यात, पोपच्या पैशाने, भिंतीवर कारागिरांच्या दगडांनाही स्वतंत्र जागा!

तारीख असलेल्या लेखांचा त्याचा पहिला खंड १८६१ मध्ये पुरा झाला. भुयारांवरचे तीन खंड १८६४, १८६७ आणि १८७७ चे. १८६३ पासून तो स्वतःची एक पत्रिका काढत होता आणि जवळजवळ मरेपर्यंत काढत राहिला. पोपशी एकनिष्ठ कॅथलिक असूनही रोमच्या लॅटिन लेखांच्या महासंग्रहात त्याने मोमसेन आणि हेन्झेन या जर्मनांबरोबर खांद्याला खांदा लावून काम केलं. मोमसेन तर प्रोटेस्टंट पाळकाचा मुलगा. २० सप्टेंबर १८७० ला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं, पोपची सत्ता संपली, पण या मंडळींचा पत्रव्यवहार आणि कोरीव लेखांच्या कागदी ठशांची देवाणघेवाण थांबली नाही.

सगळं बरोबरच आलं असं नाही. फ्लोरेन्सला पवित्र शास्त्राचं एक अवाढव्य लॅटिन हस्तलिखित आहे. त्याच्या अर्पणपद्यातली नावं कुणीतरी खरवडून बदलली होती. दे रोस्सीने १८८० च्या दशकात ओळखलं की खाली मूळ नाव केओलफ्रिड असणार, म्हणजे हा ग्रंथ इटलीतला नाही, इंग्लंडमधल्या मठाधिपतीने आठव्या शतकात रोमला पाठवलेला. नाव अचूक, पण त्याला जोडून 'ब्रिटनांचा' असावं म्हणाला ते चुकलं. एका इंग्रज पंडिताने जुन्या चरित्रातून दाखवलं की तिथे 'अँग्लांचा' आहे. दे रोस्सी वारला तो १८९४ मध्ये, आणि तारीखही २० सप्टेंबरच. महिन्याभरापूर्वीच ख्रिस्ती पुरातत्त्वाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद डाल्मेशियात (आजच्या क्रोएशियात), स्प्लिटला भरली होती.

आता आमच्या खोलीकडे येते. समितीचा बेत असा होता : दफनभूमीतले जुने संगमरवरी दगड उचलायचे, धुवायचे आणि खोलीच्या भिंतीला लावायचे. बेत मांडणारे नाना, आमच्या मंडळीतले वडील (म्हणजे एल्डर, मंडळीचा कारभार पाहणारे), मनाने अगदी निर्मळ माणूस.

"आवो ताई, पाऊस लागतोय त्या दगडास्नी. अक्षरं जायला लागलीत. आत आणून ठिवूया की, चार लोकं बघतील तरी."

मुद्दा खोटा नव्हता. मी त्यांना टाउन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन गेले. तिथली पोसायडनची काशाची मूर्ती कोल्हापूरकरांना शाळेच्या सहलीपासून माहीत असते. वीतभरही नाही, पण ग्रीकांचा समुद्रदेव, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडलेला. ही मूर्ती जुन्या बाजारात मिळाली असती तर कुणा साहेबाने विलायतेहून आणलेलं शोभेचं खेळणं म्हणून संपली असती. पण ती मिळाली सातवाहन काळच्या वस्तीत, इतर काशाच्या वस्तूंबरोबर, ज्यांतल्या काही इथल्या आणि काही रोमन जगातल्या. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित या पुरातत्त्वज्ञांनी तिथे थर मोजत खोदकाम केलं, १९५२ मध्ये त्याचा अहवाल निघाला, म्हणून आज आपण छातीठोक सांगतो की रोमशी चालणाऱ्या व्यापाराचा माल घाट चढून करवीरापर्यंत येत होता. नानांना म्हटलं, किंमत काशाची नाही, ब्रह्मपुरीच्या मातीची आहे.

"पण ती बी आतच ठिवलीया न्हवं?" नाना म्हणाले.

बरोबर होतं. नाना हुशार आहेत.

मग मी दुसरी बाजू धरली. आमच्या दफनभूमीत दगड कुणाच्या कबरीवर आहेत? मिशनरी साहेब, त्यांच्या मडमा, त्यांची तापाने गेलेली लहान लेकरं. आणि मागच्या बाजूला? मातीचे उंचवटे, कुठे चार धोंडे, कुठे लावलेलं चाफ्याचं झाड. आमचे खापरपणजोबा तिथे आहेत. शाळेतले मास्तर, दवाखान्यातल्या आया, घरोघरी बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाया, प्लेगात आणि १९१८ च्या तापात गेलेली घरंच्या घरं तिथे आहेत. दगड तेवढे उचलून आणले तर आमच्या संग्रहालयात आमच्यातलं कुणीच दिसणार नाही. दगड तिथेच राहिला तर निदान त्याच्या शेजारी कोण आहे हे विचारता येतं. एक मिशनरीण बाई आपल्या घरात वाढलेल्या मुलीशेजारी पुरलेली आहे, आणि ते फक्त जागेवर गेल्यावर कळतं. ही गोष्ट भिंतीवर कशी लावणार?

यावर पाळकसाहेबांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. दामाससची ती ओळ परत वाचा म्हणाले. मी वाचली. पोपचं वचन प्रेस्बिटेरियन बैठकीत दोनदा वाचलं गेलं, आजीच्या कानावर जाऊ नये म्हणजे झालं. नाना म्हणाले, "म्हंजे त्यो पोप बी भ्याला व्हय!" आणि हसले.

ठरलं ते असं. दगड जागेवर राहतील. पावसासाठी साध्या पत्र्याचे आडोसे करू, खर्च नाना गोळा करणार. खोलीत दफनभूमीचा मोठा नकाशा लावायचा, प्रत्येक कबरीला क्रमांक, दगड असो वा नसो. क्रमांकाशी दफन नोंदवहीतली नोंद जोडायची : नाव, वय, धंदा, गाव. दगडांच्या मोठ्या छायाचित्रांना एक भिंत, आणि बिनदगडाच्यांना दुसरी, तेवढीच मोठी. नोंदवहीची प्लेगच्या वर्षांची पानं किडीने खाल्ली आहेत, तिथली नावं म्हाताऱ्या माणसांकडूनच भरून घ्यावी लागतील. आधीच निखळून खोलीत पडलेले काही फुटके दगड आहेत, कुठले ते आता कुणालाच सांगता येत नाही. ते तेवढे आत मांडू, दे रोस्सीच्या पद्धतीने, तारखा असलेले आधी.

शिवाय एक वाद शिल्लक आहेच. खोलीला नाव कुणाचं द्यायचं यावर दोन तट पडले आहेत, त्यात मी पडणार नाही.

पुढच्या रविवारी उपासना सुटली की टेप घेऊन दफनभूमीत मोजणीला जायचं आहे. तण फार माजलंय, नाना दोन कोयते आणि एक गडी आणणार. मिकेलेच्या यंत्राऐवजी आमच्याकडे तरुण संघाची मुलं आणि त्यांचे फोन आहेत. मंडळीतल्या ज्यांच्या घरातलं कुणी तिथे आहे त्यांनी यावं आणि येताना आजी-आजोबांना रिक्षातून घेऊन यावं, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडून ठेवतो. चहा माझ्याकडून.